धाकट्या जावेचा परिचय

माझ्या धाकट्या जावेला भाषणाचं आमंत्रण आलं, त्या दिवशी मी स्वतः शिरा केला आणि त्यात साखर घालायची विसरले. मुद्दाम नाही. मुद्दाम करायचं असतं तर मीठ घातलं असतं. ती बिचारी अख्खी वाटी संपवून म्हणाली, "आक्का, गोडाचं कमी केलासा ते बरं झालं, मला भाषणापातूर वजन उतरवायचं हाय."

आमंत्रण होतं बेळगावातल्या एका मोठ्या संमेलनाचं. ब्लॉग लिहिणारे, रील करणारे, फेसबुकवर पानं चालवणारे, मराठी आणि कानडी, सगळे एका सभागृहात दिवसभर. आता हे लक्षात घ्या की आमच्या घरात पहिला ब्लॉग माझा. मी माहेरची निपाणीची, इथं हायस्कुलात मराठी शिकवते, आणि घरातल्या गोष्टी लिहायची खोड मला जुनी आहे. सासूबाईंचं लोणचं, वडिलांची तंबाखूची वखार, मामांचं तीन वेळा मोडलेलं लग्न, सगळं मी लिहून ठेवलेलं. तेव्हा हिच्याकडे फोनसुद्धा नव्हता. ही बेळगावाशेजारच्या कंग्राळी गावची. वरच्या मजल्यावर राहते. दोन वर्षांपूर्वी फोन कसा धरायचा हे मीच तिला शिकवलं. मी म्हटलं, "आडवा धर." तिनं उभा धरला. पुढं सगळं जग उभंच बघायला लागलं आणि मी आडवी झाले.

ती करते काय, तर बोलते. भाजी चिरता चिरता, कपडे वाळत घालता घालता, कंग्राळीत बोलतात तसंच. दोन मिनिटं. मी एका परिच्छेदावर दोन रविवार घालवते. माझा लेख वाचून लोक लिहितात, "छान. विचार करायला लावणारे." हिचं बघून लोक लिहितात, "वैनी, हसून हसून पोट दुखलं, आमच्या घरात असंच झालतं." विचार करायला लावणारं आणि पोट दुखवणारं यात कशाला मागणी जास्त, हे सांगायला नको.

संमेलनाचा मलाही अनुभव होता, नाही असं नाही. आदल्या वर्षी परिसंवादात मला बोलावलं होतं. पाच जण आणि एक माईक. माईक उजवीकडून डावीकडे सरकत माझ्यापाशी आला तेव्हा जेवणाची घोषणा झाली. मी म्हटलं, "माझे चार मुद्दे आहेत." पहिला मुद्दा संपेपर्यंत दुसऱ्या रांगेतली माणसं ताटं घेऊन उभी होती.

आणि यंदा हिला पंचवीस मिनिटं. एकटीला. मला संयोजकांचा फोन आला तेव्हा क्षणभर वाटलं, चूक कळलेली दिसते. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही घरच्याच. वैनींचा परिचय तुम्हीच करून द्या. दोन मिनिटं."

मी "आनंदानं" म्हटलं. हा शब्द माझ्या दातात बराच वेळ अडकून राहिला.

हिला मात्र पंचवीस मिनिटांचं फारसं काही नव्हतं. तिला एकच हवं होतं, तिच्या आप्पांनी समोर बसून ऐकावं. तिचे वडील कंग्राळीत कोबी, मिरची करतात. तिनं पहिला व्हिडिओ त्यांच्याच शेतात उभी राहून केला होता. नंतर मार्केटात कुणीतरी त्यांना विचारलं, "पोरगी मोबाईलवर नाचती म्हणं?" ती नाचली नव्हती, कोबीवरच्या अळीबद्दल बोलली होती. पण आप्पांनी ते काही बघितलं नाही. "घरातलं बोलणं बाजारात न्हेऊ नगं," एवढंच म्हणाले, आणि दोन वर्षांत तिच्या एकाही व्हिडिओचं नाव त्यांनी काढलं नाही. ती दोनदा जाऊन त्यांना बोलावून आली होती. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बघू."

भाषणाची तालीम तिनं माझ्याच स्वयंपाकघरात केली. श्रोता मी एकटी. शेवट करायला तिनं एक गोष्ट राखून ठेवली होती. ती पाच-सहा वर्षांची असताना आप्पा तिला मालाच्या गाडीवर, कोबीच्या पोत्यांमध्ये बसवून मार्केटला न्यायचे. एकदा ती तिथंच झोपली. व्यापारी एकेक पोतं चाचपत आला, हिच्या गालाला हात लावून म्हणाला, "आणि ह्याचं काय लावलंय?" आप्पा म्हणाले, "त्ये बियाणाचं हाय. इकायचं न्हाय."

"मी झोपले न्हवते आक्का," ती म्हणाली. "डोळं मिटून पडलेती. ऐकलं की सगळं. आप्पांना ठावं न्हाय मी ऐकलंय ते. त्यांच्या तोंडावर सांगायचं हाय."

मी म्हटलं, "चांगली आहे." आणि मनात म्हटलं, ही माझ्या वाट्याला का आली नाही. एवढी वर्षं मी गोष्टी शोधत लोकांच्या बारशा-बाराव्याला बसते, आणि ही पोत्यावर झोपेचं सोंग घेऊन पडते आणि हिला ही मिळते.

संमेलनाच्या दिवशी मी माझी माहेरची रेशमी साडी नेसले. दारात सगळ्यांना गळ्यात घालायला ओळखपत्रं देत होते. तिच्यावर 'प्रमुख वक्त्या' होतं. माझ्यावर 'ज्येष्ठ ब्लॉगर'. ते देणारी मुलगी कौतुकानं म्हणाली, "मॅडम, आमची आज्जी तुमचं वाचते." मी आज्जींना नमस्कार सांगितला.

आणि आप्पा आले होते. इस्त्रीचा शर्ट, पांढरी टोपी, तिसऱ्या रांगेत कडेला माझ्या दिराशेजारी, पाव्हण्याच्या घरी बसावं तसे खुर्चीच्या टोकावर. हिनं स्टेजवरून बघितलं आणि माझा हात दाबला.

आता आमच्या भागातल्या परिचयाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आमच्याकडे पाहुण्यापेक्षा पाहुण्याचा परिचय करून देणारा मोठा असतो. पाहुण्याला बोलून झाल्यावर जायचं असतं, याला गावातच राहायचं असतं. त्यामुळं तो आपलं सगळं तिथंच दाखवून घेतो. पाहुणा कुठं जन्मला, तिथली माती कशी, मग मातीवर एक कविता, असं चालतं. आमच्या शाळेत एका पाहुण्याला परिचय ऐकता ऐकता डुलकी लागली होती, आणि तो परिचय मीच करून देत होते.

मी माईकपाशी गेले. पहिली दोन मिनिटं मी ठरल्याप्रमाणे बोलले. मग मी सहज तिच्या पहिल्या दिवशीचा उभ्या-आडव्या फोनचा किस्सा सांगितला आणि सभागृह हसलं.

ज्यांना रोज हसणारी माणसं भेटतात त्यांना याचं काही वाटणार नाही. मला ते पायापासून वर चढलं. मी आणखी एक सांगितला. तोही लागला. मग तिच्या भाजी चिरण्याची नक्कल केली. पुढच्या रांगेतल्या कानडी बायकासुद्धा हसत होत्या. संयोजकांनी एक चिठ्ठी पाठवली, ती मी न वाचता मुठीत धरली. त्यात काय असणार हे मला माहीत होतं, मीही शाळेत अशा चिठ्ठ्या पाठवते.

आणि मग मी ती सांगितली. अनवधानानं तोंडातून निसटली असं मी घरी दोन दिवस म्हणत होते, पण ते खरं नाही. मी थांबले, पाणी प्याले, आवाज खाली आणला, आणि कोबीच्या पोत्यांची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. उत्तम सांगितली. "त्ये बियाणाचं हाय, इकायचं न्हाय," हे मी अगदी आप्पांच्या आवाजात म्हटलं. टाळ्या थांबेनात. आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. ते माझ्याकडे बघत होते. स्टेजवर माझी जाऊ समोरच्या टेबलाच्या कापडाची दुमड बोटानं सरळ करत होती. वर बघत नव्हती.

दोन मिनिटांची सतरा झाली होती. वर शाल, नारळ, गुलाबाचं फूल, फूल देतानाचा फोटो, फोटो नीट आला नाही म्हणून परत फूल. ती माईकपाशी उभी राहिली, "नमस्कार" म्हणाली, आणि तिसऱ्या रांगेतून आप्पा उठले.

मी खाली येऊन कडेला बसले होते. ते वाकून, कुणाला अडथळा होऊ नये म्हणून हात जोडत बाहेर निघाले. तिनंही बघितलं. तिचं पुढचं वाक्य अर्धंच राहिलं, मग दुसरंच कुठलंतरी सुरू झालं.

मी त्यांच्या मागं व्हरांड्यात गेले. "आप्पा, निघालासा?"

"एकला करंट येतंय बाई. मोटर चालू कराय पायजे. शेजारचा करतो खरं, त्यो आज संकेश्वरला लग्नाला गेलाय. आज पाणी चुकलं तर चार दिस न्हाय."

"तिचं आत्ता सुरू झालंय."

"व्हय की. तिचं लौकर हुईल म्हणून मी आलतो." मग ते हसले, अगदी मनापासून. "खरं तुमी लई झ्याक बोलला बाई. त्ये कोबीचं तुमास्नी कुणी सांगितलं? माझ्या बी ध्यानात न्हवतं. आता तिनं सांगितलं काय आन तुमी सांगितलंसा काय, झालंच की."

आयुष्यभर मी ज्या कौतुकाची वाट बघत होते ते मिळालं, आणि त्याची चव त्या शिऱ्यासारखी होती.

मी म्हटलं, "मोटर मी चालू करते. तुम्ही आत जाऊन बसा."

त्यांनी मला साडीपासून चपलेपर्यंत बघितलं. "तुमास्नी जमंल?"

"एक बटण तर दाबायचं."

"हिरवं. दाबून धरायचं. घर्र झालं की सोडायचं. लाल दाबू नगासा." ते दोन पावलं गेले, परत आले. "पाणी येतंय का बघून मग जावा. पाइप लावून ठेवलाय." मग दार हळूच लोटून ते आत गेले. फटीतून मी बघितलं, ते आपल्या जागेवर परत बसले आणि माझ्या दिरानं त्यांच्या मांडीवर हात ठेवला. तिचा आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. थांबून ऐकावं असं फार वाटलं. करंट एकला येत होता.

स्कूटरवरून कंग्राळीला जाताना गळ्यातलं ओळखपत्र वाऱ्यानं तोंडावर येत होतं. शेताच्या बांधावर दोन बायका गवत कापत होत्या. रेशमी साडीतली ज्येष्ठ ब्लॉगर चिखलातून मोटरीच्या खोपीकडे चाललेली बघून एकीनं विचारलं, "इलेक्शनचं हाय काय?"

मी नाही म्हटलं.

हिरवं बटण दाबायला मी नको तितकी घाबरले. घर्र झालं. सोडलं. बंद पडलं. तिसऱ्यांदा लागलं, आणि जरा वेळानं पाइपाच्या तोंडातून आधी हवा, मग पाणी आलं. मी बांधावर बसले. परत जाता आलं असतं, शेवटचं थोडं तरी ऐकायला मिळालं असतं. गेले नाही. पायाला चिखल होता म्हणून, असं मी म्हणेन. बसल्या बसल्या मी देवाला म्हटलं, तिचं भाषण चांगलं होऊ दे. मग खरं ते म्हटलं, फार चांगलं नको.

मी पोचले तेव्हा आभार चालू होते.

संध्याकाळी ती नारळ घेऊन खाली आली. सत्काराचा नारळ. ओट्यावर फोडून खोवायला बसली. मी कोथिंबीर निवडत होते.

मी म्हटलं, "तुझी गोष्ट मी घेतली."

"व्हय. घेतलासा."

"चुकलं माझं."

ती खोवत राहिली. "मला शेवटच न्हवता आक्का. काय सांगावं कळंना. तवा आप्पा परत येऊन बसले, आन ह्यांनी तिथनंच खूण केली, तुमी मोटर लावाय गेल्यात म्हणून. मग त्येच सांगितलं."

"काय?"

"हेच की. माझा परिचय करून दिलेल्या बाई आता रेशमी साडीत माझ्या बाच्या शेतात हिरवं बटण हुडकाय लागल्यात म्हणून. लई हसली माणसं. आप्पा तर डोळं पुसाय लागले."

"हसून?"

"त्ये काय ठावं न्हाय." मग ती थांबली, आणि खोबऱ्यानं पांढऱ्या झालेल्या हातानं माझ्याकडे बोट केलं. "खरं आक्का, एक सांगते. पुन्ना असं केलासा तर मी बोलणार न्हाय तुमच्यासंगं. आप्पांनी ऐकलं म्हणून आज सोडलंय."

"नाही करणार."

"आप्पा जाताना म्हणाले, पुढच्या बारीला कुठं हाय? म्हटलं, ठावं न्हाय अजून. म्हणाले, करंट कवा हाय त्ये बघून ठरवाय सांग त्यास्नी."

आम्ही दोघी हसलो. मग तिनं विचारलं, "ह्यांनी सगळं फोनवर घेतलंय. बघतासा?"

"आत्ता नको," मी म्हटलं. "चटणी होऊ दे."

त्याला आता बरेच दिवस झाले. घरातल्या सगळ्यांनी ते बघून झालं, शाळेतल्या शिक्षकांनीही. जेवताना कुणीतरी त्यातलं एखादं वाक्य काढतं आणि सगळे हसतात, मीही हसते. आप्पांच्या फोनवरसुद्धा ते आहे म्हणे, आणि मार्केटात ते स्वतः लोकांना दाखवतात. मी अजून बघितलेलं नाही. माझ्यावरची गोष्ट आहे, आणि ती माझ्यापेक्षा बरी सांगितलेली असणार याची मला पक्की खात्री आहे.