आभाळ खाली येताना

नलूताई गेल्याचं मला ग्रॅहमने फोनवर सांगितलं. डोंगरउतारांवरच्या कुरणांवर विमानातून खत टाकणारा हा पायलट. "तिच्याइतकं शांत माणूस माझ्या विमानात कधी बसलं नाही," म्हणाला. त्या फोनला महिना झाला.

टौरंगा या समुद्रकाठच्या शहरातल्या हॉस्पिटलात ती फार्मसिस्ट, मी नर्स. पुण्यात फिजिक्स शिकायचं राहून गेलेलं, ती हौस इथे चाळिशीत टोर्नेडोंवर भागवली तिने. इथले टोर्नेडो छोटे. गाडी घेऊन पोचेपर्यंत विरून गेलेले असतात. म्हणून त्यांना हवेतच गाठायचं तिने ठरवलं. ग्रॅहमच्या छोट्या सेसना विमानाच्या पंखाखाली व्हिडिओ कॅमेरा बसवला. हवेचा दाब मोजून तो रेडिओवरून कळवणाऱ्या, पॅराशूट लावलेल्या चिमुकल्या पेट्या स्वतः जुळवल्या. दोन वर्षं त्या दोघांना नुसते ढगच भेटले.

एका शनिवारी तिचा फोन आला. "येतेस का गं? मागे बसून पेट्या हातात द्यायला कुणीतरी हवंय." गेले.

विमान समुद्रावर पोचलं तर काळ्या ढगाच्या पोटातून एक करडी सोंड उतरत होती. तिच्या पायथ्याशी पाणी गरगरत, उसळत होतं. जलस्तंभ... पाण्यावरचा टोर्नेडो.

"समुद्र वर ओढला जातोय!" मी ओरडले.

"नाही गं. आभाळ खाली येतंय. ती सोंड म्हणजे ढगच आहे."

पहिली पेटी भलतीकडेच गेली. दुसरी आत ओढली गेली, आणि नलूताईच्या मांडीवरच्या यंत्रात दाबाचा आकडा झरझर उतरत गेला... मग नुसती खरखर. त्याच क्षणी विमान कलंडलं. ग्रॅहमने ते कसंबसं सावरलं. "अजून एक फेरी, नलू?"

तिसरी पेटी मी छातीशी घट्ट धरून ठेवली होती. नलूताईने त्या सोंडेकडे पाहिलं, मग वळून माझ्या चेहऱ्याकडे. "पुरे," ती म्हणाली. "टोर्नेडोने दाखवलं तेवढं पुष्कळ." आणि खिडकीकडे तोंड करून तिने हात जोडले. आम्ही वळत असतानाच ती सोंड बारीक होत गेली, तुटली, दिसेनाशी झाली. खाली समुद्र सपाट.

कॅमेऱ्यातली ती टेप बघायला ऑकलंडहून दोन हवामान-अभ्यासक आले. चहा गार झाला तरी त्यांची नजर पडद्यावरून हलेना. पुढे आजारपणाने तिचं उडणं थांबलं. "खंत वाटते का गं, परत फिरल्याची?" मी एकदा विचारलं.

"अगं, भेटला ना मला तो!"

परवा दुपारी अंगणात कपडे वाळत होते आणि समुद्राकडून अंधारून आलं. दोरीवरचे कपडे तसेच सोडून मी मान वर करून उभी राहिले. सगळे भिजले. मीही.