भिंतीतले ऐंशी वॅट

बाईंच्या हाती विजेची कोणतीही वस्तू द्या, त्या आधी ती उलटी करायच्या. मिक्सर असो, इस्त्री असो, कुणाच्या आहेरातला टेबल फॅन असो. चष्मा वर करून पाठीवरची पट्टी वाचायच्या, मनातल्या मनात काहीतरी भागायच्या आणि मगच "छान आहे" म्हणायच्या. आमच्या लग्नात त्यांनी स्वतः आणलेली इस्त्रीही अशीच उलटी करून दाखवली होती. माझ्या बायकोला वाटलं, ती पडली-बिडली की काय.

नागभीडला त्या आमच्या शेजारी भाड्यानं राहत. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला शिकवत. सगळी गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. विजेवरून कुणी कावून आलं की त्यांचं वाक्य ठरलेलं: "आधी भागाकार, मंग भांडण."

शाळा सुटली तरी ज्याचा तास संपत नाही, असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. धान निघाल्यावर आमच्याकडे नाटकांचे मंडप उभे राहतात. बाई हौसेनं यायच्या, पण लक्ष मंडपाच्या वायरीवर. स्टेजवर नायिका शेवटचे श्वास घेतेय, बायका डोळ्यांना पदर लावून बसल्यात, आणि बाई माझ्या बायकोच्या कानाशी, "एवढे फोकस अन् एवढीशी वायर! हिच्या आधी वायर जाते पाहा." बायकोचं हसू काही आवरेना. पुढच्या एका आजीनं वळून दोघींना चांगलं झापलं.

माझे बाबा जन्मभर राईस मिलमध्ये राबले. कोंड्याची धूळ छातीत बसली आणि म्हातारपणी श्वास पुरेना. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मागच्या खोलीत त्यांच्या खाटेशी ऑक्सिजनचं यंत्र आणून लावलं. ते थोडा वेळ घरघरायचं, मग शिट्टी मारून बंद पडायचं. शिट्टी झाली की बाबांची नजर माझ्याकडे वळायची. ती नजर मला बघवत नसे. जवळ एक सिलिंडर होता, पण तो कुठवर पुरणार?

ओळखीचा मिस्त्री आला. त्यानं यंत्राचा प्लग काढून सॉकेटमध्ये मीटर लावला. पूर्ण दोनशे वीस व्होल्ट. "लाईन ओके आहे भाऊ, मशीनच खराब आहे." झालं, मी यंत्रवाल्याला फोन लावून आवाज चढवला. तो ऐकून कुंपणापलीकडून बाईंनी विचारलं, "काऊन ओरडून राह्यले, भाऊ?"

मी सांगितलं. त्या आपली पिशवी घेऊन आल्या.

बाईंनी यंत्र चालू ठेवूनच, त्यांच्या भाषेत 'लोडवर', मोजलं. "चालता बैल लंगडते का नाई ते पाहा लागते. बांधलेल्या बैलाचं काय पाहता?" खाटेपाशी निघाले एकशे ऐंशी व्होल्ट. बाहेर बोर्डावर मात्र दोनशे वीस. मग तारेला चिमट्यासारखा मीटर लावून करंट पाहिला, तो दोन अँपिअर.

"चाळीस व्होल्ट रस्त्यात हरवले," त्या म्हणाल्या. "भागिले दोन, वीस ओहम. एवढ्याशा वायरीचा रोध अर्धा ओहमही नसते. अन् चाळीस गुणिले दोन, ऐंशी. ऐंशी वॅट तुमच्या भिंतीत जळून राह्यले, भाऊ." एरवी आकडे सांगताना खुलणारा त्यांचा चेहरा उतरला होता. "काकाजीले सिलिंडरवर घ्या. मेन बंद करा."

मेन बंद झाल्यावर त्या भिंतीवरून तळहात फिरवत गेल्या, लेकराचा ताप पाहावा तशा. बाबांच्या उशीच्या जरा वर थांबल्या. "इथी."

प्लास्टर फोडलं. आत दोन तारा एकमेकींना नुसत्या पिळलेल्या आणि त्यांवर युरियाच्या पोत्याच्या प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली. पट्टी वितळून काळी झाली होती. लग्नघरात उघडी वायर बरी दिसत नाही म्हणून आमच्याकडे असे जोड प्लास्टरखाली लपवतात.

माझं डोकंच फिरलं. "कोणत्या गाढवानं केला हा जोड?"

खाटेवर बाबांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा मला आठवलं. माझ्या लग्नाआधी ही खोली नवरानवरीसाठी म्हणून तयार केली होती. मिलची पाळी करून आल्यावर बाबांनीच तिथं स्वतःच्या हातानं वायर ओढली होती. पंखा फिरल्यावर केवढे खूश झाले होते!

बाईंनी ते माझ्याआधीच ओळखलं असावं. "ज्यानं केला त्यानं मायेनं केला," त्या खाटेकडे न बघता म्हणाल्या. "पीळ थोडा ढिला राह्यला, एवढंच. भागाकार झाला न, भाऊ? आता भांडण राहू द्या."

त्यांनी नवी वायर ओढली आणि जोडावर स्क्रूच्या झाकणाची डबी बसवली. "याच्यावर प्लास्टर मारू नका. काकाजी, रोज सकाळी हात लावून पाहा. गरम लागली तं मले हाक मारा." यंत्र सुरू झालं आणि सुरूच राहिलं. बाबांना गाढ झोप लागली. मी बाईंच्या पाया पडायला वाकलो, तर त्या मागे सरकून म्हणाल्या, "चहा सांगा आता."

त्यानंतर बाबा रोज डबीवर तळहात ठेवत आणि जमेल तेवढ्या आवाजात कुंपणाकडे सांगत, "थंड आहे, बाई!" पुढे बाईंची सिरोंच्याला बदली झाली, तेव्हा हाच निरोप फोनवरून जाऊ लागला. बाबांनी नात अंगाखांद्यावर खेळवली, तिला बाराखडी शिकवली. हे दिवस आम्हाला बाईंनी दिले. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत.

बाबा गेले ते झोपेत, यंत्र शांतपणे चालू असताना. तेराव्याला बाई सिरोंच्याहून बस बदलत आल्या. पानावर बसण्याआधी मागच्या खोलीत गेल्या. खाट काढलेली होती, यंत्र दुसऱ्या एका घरी गेलं होतं. त्यांनी डबीवर तळहात ठेवला.

मी दारातूनच विचारलं, "थंड आहे न, बाई?"

"थंडच राहील न, भाऊ. आता लोडच नाई राह्यला."

हात मात्र त्यांनी बराच वेळ काढला नाही.