मयुरीच्या खांद्यावरचा हात

कुरखेड्यात आमचं मेडिकलचं दुकान आहे. भूत-खेत, बाहेरचं, लागीर... गिऱ्हाईक असलं काही बोलायला लागलं की मी सरळ विषय बदलते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड वाटतंय. पण जे झालं ते असं.

माझी मुलगी मयुरी तेव्हा तिसरीत होती. शाळेत पडली आणि डावा पाय गुडघ्याखाली दुखायला लागला. एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. मग ताप चढला. पायाला नुसता हात लागला तरी किंचाळायची. गाडी करून चंद्रपूरला हाडांच्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर मोजकं बोलणारे. पाय दाबून पाहिला आणि म्हणाले, "ताई, हाडात इन्फेक्शन वाटते. सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाई ते." रक्त तपासलं, ऑपरेशन करून हाडातला पू काढला, तपासायला पाठवला. सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं.

पण ताप उतरेना. औषध बदललं, तरी नाही. राउंडला आले की डॉक्टर चार्टकडे बघत उभे राहायचे. इन्फेक्शन रक्तात पसरलं तर काय होतं, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती.

एका दुपारी मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. ती म्हणाली, "आई, त्या बाईले सांग ना, हात काढ."

"कोणत्या बाईले?"

"हे काय, इथी बसली. खांदा दाबून राह्यली माह्या. काऊन दाबते, विचार ना तिले."

खाटेच्या त्या बाजूला भिंत होती. माणूस बसेल एवढी जागाच नव्हती.

तापात बरळतेय, असं समजून मी तिची बाही वर सारली... उजव्या खांद्यावर बोटं रुतल्यासारखे खळगे होते. पुढे बोटांचे, मागे अंगठ्याचा. मी माझा हात त्यावर ठेवून पाहिला. खळगे माझ्या बोटांपेक्षा रुंद होते. आणि मी हात काढल्यावर, माझ्या डोळ्यांदेखत, ते आणखी खोल गेले.

मी सिस्टरला हाक मारली. तिने पाहिलं आणि डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी खांदा दाबताच मयुरी कळवळली.

"इथी दुखते हे सांगितलं काऊन नाई, बेटा?"

"पायच लय दुखे ना."

एमआरआय केला. दंडाच्या हाडात, खांद्याजवळ, पू साचला होता. पुन्हा ऑपरेशन झालं. त्यानंतर ताप उतरला आणि पोरगी शांत झोपली.

खळग्यांबद्दल मी डॉक्टरांना विचारलं. "सूज होती ताई, उचलताना कोणाचा हात दाबला असंल." बरोबरच आहे, सुजेवर खळगा पडतो. पण कुणाचा हात नसताना तो खोल कसा जाईल?

सुट्टी मिळाली त्या दिवशी व्हीलचेअर दाराशी आली, तसं मयुरीने माझा पदर ओढला. "ती बाई नाई येऊन राह्यली आपल्यासंगं."

"कुठी आहे?"

तिने खिडकीजवळची खाट दाखवली. तिथे सिरोंच्याचे व्यंकटीभाऊ होते. अपघातात मांडी मोडून रॉड टाकलेला, आता घरी जायची तयारी. "त्याइच्या पाठीवर हात ठेवला तिनं," मयुरी म्हणाली. भाऊ आमच्याकडे बघून हसत होते.

मी माघारी फिरले आणि लाज गुंडाळून ठेवून डॉक्टरांना सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते उठले, त्या खाटेपाशी गेले. "भाऊ, जरा कुशीवर वळा बरं." पाठीच्या कण्यावरून बोटं दाबत खाली आले, तसे एका जागी भाऊ दचकून ओरडले. पडून पडून पाठ दुखते, असं ते समजून होते. मणक्यात इन्फेक्शन निघालं, हे मला नंतर सिस्टरने फोनवर सांगितलं. वेळेत सापडलं.

ती बाई कोण, त्या वॉर्डात काय करत होती... मला आजही कळलेलं नाही. मयुरी आता सायकलने शाळेत जाते. मध्ये एकदा मी तिला विचारलं, "तुले भेव नाई वाटलं तिचं?"

"नाई," ती म्हणाली. "तिलेच भेव वाटे. तुमाले समजते का नाई म्हणून."