अ‍ॅम्ब्रोज होडचं नाक

अ‍ॅम्ब्रोज होडने जन्मभर नाकावर पोट भरलं. इंग्लंडमधल्या केंटच्या त्या गावात हॉप्सचे मळे होते, आणि बिअरला कडवटपणा नि सुगंध देणारी ती फुलं भट्टीवर वाळवायचं काम त्याचं. फुलं कधी उतरवायची ते तो वासावरून सांगे. मालकाने एकदा हौसेने भट्टीत तापमापक लावला. अ‍ॅम्ब्रोजने त्यावर आपली टोपी अडकवली आणि निवृत्त होईपर्यंत ती तिथेच अडकवत राहिला.

म्हातारपणी त्याला एकच मान उरला होता. गावच्या पबमध्ये नवं पिंप उघडलं की पहिले पेले तिघाचौघांना मिळत. ज्याने त्याने मत द्यायचं आणि अ‍ॅम्ब्रोजने सगळ्यांच्या शेवटी. त्याने मान हलवली की विक्री सुरू, नाहीतर पिंप मोरीत. यात पाद्रीबाबांचंसुद्धा काही चालत नसे.

या हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप गेला तो नाक घेऊनच गेला. तंबाखू, कॉफी, भिजलेला कुत्रा, सगळं एकच. मधूनच काहीतरी परतल्यासारखं वाटे, पण ते खरं की मनाचे खेळ, त्याला कळेना. हे त्याने कोणालाच सांगितलं नाही, बायकोला, हिल्डालाही नाही. नाक गेलेला परीक्षक म्हणजे दात पडलेला राखणीचा कुत्रा. लोक गोंजारतात, पण त्याला कोणी मोजत नाही.

अशात पबवाल्या म्युरिअलचं पिंप उघडायचा दिवस आला. तिचा नवरा हिवाळ्याच्या तोंडावर वारला होता. पबचं तळघर तोच सांभाळी. ब्रुअरीकडून बिटर नावाची साधी बिअर येई. तो त्यात गावच्या वाळल्या हॉप्सची एक पुरचुंडी सोडून आठवडाभर मुरू देई. त्या वासासाठी शेजारच्या गावांतून माणसं सायकली हाणत येत. आता पहिल्यांदाच म्युरिअलने एकटीने पिंप लावलं होतं.

लेन खाटकाने पेल्यात नाक खुपसलं. "काय वास आहे, म्युरिअल. डोळे मिटले की मळ्यात उभा आहे मी."

"नवऱ्याच्या वरताण केलंस," पोस्टमन क्लॉड म्हणाला.

मग सगळे अ‍ॅम्ब्रोजकडे बघू लागले. त्याने पेला उजेडात धरला. रंग तांब्यासारखा, स्वच्छ. घोट घेतला. कडवटपणा नेमका, मागून धान्याची गोडी, शेवट कोरडा. पण वास? त्याने पेला गोल फिरवून हुंगला. पुन्हा हुंगला. काही नाही. मान हलवून मोकळं होणं सोपं होतं. बाई खूश, गाव खूश. पण आज खोटी हलवली की पुढच्या वेळी तीच हलणार, आणि एक दिवस या बिचारीचं नासलं पिंप त्याच्याच भरवशावर गावाला पाजलं जाणार. त्याने पेला खाली ठेवला.

"चवीला खोट नाही, पोरी. पण हॉप्सचा वास मला येत नाही. हिवाळ्यापासून नाकच गेलंय माझं. आता दुसरा माणूस बघ तू."

लेनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "वयाने होतं असं, काका. आम्हाला येतोय ना, झालं तर."

म्युरिअल मात्र त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. मग तोंडावर हात धरून ती तळघरात पळाली. वर आली तेव्हा चेहरा लालबुंद आणि हातात कापडी पुरचुंडी, गाठ मारली तशीच.

"पिंपाच्या लाकडी खुंट्यांच्या डब्यामागे राहिली," ती म्हणाली. "सोडणार तेवढ्यात वर फोन वाजला. परत खाली गेले आणि सरळ बूच ठोकलं. काका, पुरचुंडी पडलीच नाही यात."

अ‍ॅम्ब्रोजने पुरचुंडी नाकाशी धरली. आधी काहीच नाही. मग अगदी लांबून, आणि मग एकदम भट्टीच उघडल्यासारखा वास आला. छातीवरचा दगड उतरला आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने पुसलंही नाही.

"लेन," तो सावकाश म्हणाला, "मघाशी तू कुठल्या मळ्यात उभा होतास रे?"

पब खदखदून हसला. म्युरिअलही हसली, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"टाक ती पुरचुंडी आत," अ‍ॅम्ब्रोज तिला म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी येतो. तुझा नवराही एकदा विसरला होता. तुला कशाला सांगेल तो?"

घरी पोचला आणि दारातच थबकला.

"हिल्डा, कोबी करपलाय."

चुलीपाशी उभी असलेली हिल्डा वळली. त्याच्याकडे बघत तिने खुर्ची ओढली आणि मटकन बसली.

"महिनाभर मुद्दाम करपवतेय," ती म्हणाली. "आणि तू आपला रोज निमूट जेवतोस."