कावळ्याला दिलेला शब्द

बायकोच्या दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं. मेलेल्याची एखादी इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, म्हणून सगळे पाळीपाळीनं शब्द द्यायला लागले. पोरानं आबांना, म्हणजे मला, सांभाळीन म्हणून सांगितलं, लेकीनं म्हैस विकू देणार नाही म्हणून. कावळे आपले बाभळीवर बसून ऐकत होते. मेव्हणी म्हणाली, "दाजी, तुमीच बोला आता. तुमच्यातच जीव अडाकलाय तिचा."

माझ्यात कशाला अडकेल. कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं. पुढं होऊन म्हणालो, "तुझं पुस्तक म्या वाचून पुरं करतो."

एक कावळा उतरला, भाताचा घास घेतला आणि गेला. लोक माझ्याकडं बघत राहिले. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस.

बायको वाचणारी होती. आष्ट्याच्या बाजारादिवशी भाजीच्या पिशवीतनं वाचनालयाचं पुस्तक आणायची आणि दुपारी मला मोठ्यानं वाचून दाखवायची. शेवटचं पुस्तक बारकं होतं. कादंबरी, तीपण एका वाचनालयाचीच. त्यात मेलेली माणसं फळीवर उभी करून ठेवलेली, अंगाला खाकी कागद, पाठीवर नंबर. घरच्यांनी सही करायची आणि आपलं माणूस पंधरा दिवस घरी न्यायचं. एक बाई नवऱ्याला तिसऱ्याच दिवशी परत आणते. म्हणते, अजून घोरतोय.

सांगलीच्या दवाखान्यात हे वाचून ती खोकला लागेपर्यंत हसली. "आवं, तुमास्नी तर मी दुसऱ्याच दिवशी आणून टाकीन." मी म्हणालो, त्याला आधी मी मरायला पाहिजे. पान दुमडून ती झोपली. पुढं वाचलंच नाही.

त्या दुमडीपासनं मी बोट ठेवून वाचायला लागलो. रोज एक पान, कधी अर्धं. बूड टेकत नव्हतं. चार ओळी झाल्या की उठायचो, म्हशीला पाणी दावायचो, परत बसायचो. कादंबरीतला माणूस बायकोला हुडकत फळ्या पालथ्या घालतोय आणि मी त्याच्या मागं धापा टाकतोय.

दोन पानं राहिली आणि वाचनालयातनं निरोप आला, पुस्तक दुसऱ्याला पाहिजे. घेऊन गेलो. तिथल्या बाई भल्या, म्हणाल्या, बाबा, इथंच बसून संपवा. पेपर वाचणाऱ्यांच्या बाकावर बसलो. मला मनातल्या मनात वाचता येत नाही, मोठ्यानंच लागतं. हळूहळू सगळ्यांचे पेपर खाली आले.

तो माणूस बायकोच्या फळीपाशी पोचला, हात लांब केला. शेवटचं पान उरलं होतं. मी पुस्तक मिटलं.

एक म्हातारा म्हणाला, "मग घावली का न्हाई?"

"झालं पुस्तक," मी म्हणालो आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं. खोटं बोललो. ते पान वाचलं असतं तर तिचं करायचं काय राहिलं असतं मला?

घरी जीव लागेना. शब्द दिलेला, तो मोडून कसं चालेल? दुसऱ्या दिवशी परत गेलो, तर पुस्तक कोणा मास्तरांनी नेलेलं. पंधरा दिवस.

आता रोज सकाळी गोठ्याच्या पत्र्यावर कावळा येऊन बसतो. भाकरी टाकली तर शिवत नाही. मी त्याला म्हणतो, "थांब रं गड्या. पुस्तक लोकाच्या घरात हाय."