माझा शनिवार

माझं तोंड चालतं, एवढ्याच भांडवलावर भाजीबाजारातल्या बायकांनी मला पुढारी केलं. मी भाजी विकत नाही, घेते. नवरा रेल्वेत, म्हणून आम्ही नांदेडला आलो. रोज भाजी घेता घेता कळलं, की इथं दिवसभर बसणाऱ्या बायकांना लघवीला जायला जागाच नाही. पुरुषांना काय, भिंत आहे. लोह्याकडच्या खेड्यातून मेथी-कोथिंबीर घेऊन येणारी एक मावशी तर घरी परतेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाही. मला संताप आला. बायका गोळा केल्या, अर्ज दिले, महापालिका कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, तिथल्या साहेबाचं डोकं खाल्लं. शेवटी तो शौचालयासाठी जागा बघायला यायला तयार झाला. म्हणाला, शनिवारी सुट्टी असते, निवांत येतो.

बायका खूश झाल्या. माझाच चेहरा पडला.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. असं सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे ख्रिश्चन का? मग मी सांगणंच सोडलं. इथं आमचं ओळखीचं दुसरं घर नाही, प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमण्याची तर बातच सोडा. पण शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावते आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत कामाला हात लावत नाही. आईनं हा दिवस राखला, मी राखते. या वेळी मात्र ठरवलं, जायचंच. देव समजून घेईल, साहेब घेणार नाही.

त्या शुक्रवारी तिन्हीसांजेला मावशी गावी जाता जाता उरलेली कोथिंबीर द्यायला घरी आली. मी डोक्यावर पदर घेऊन दिव्यापुढं उभी होते, डोळे भरलेले. तिनं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. ती कोथिंबीर ठेवून गेली.

शनिवारी मी बाजारात पोचले, तर साहेब आलाच नव्हता. बायकांनी परस्पर फोन करून कळवलं होतं, आमच्या ताईंचा शनिवारी उपास-तापास असतो, तुम्ही सोमवारी या.

सोमवारी साहेबाच्या बदलीचा हुकूम निघाला. त्याच्या जागी दुसरा कधी येणार, कुणालाच ठाऊक नाही. तोवर आमच्या कामाला कोण हात लावतो!

ते कळलं तशी मी भर दुपारी मावशीपुढं जाऊन उभी राहिले. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "माझ्यापायी तुमचं काम बुडालं."

"आमच्यासाठी इतकं भांडलाव ताई," ती जुड्या सारखी करत म्हणाली, "तुमचा एक दिवस आमाला राखता येऊ न्हाई का?"

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लाजेनं मला तिच्याकडं बघवेना.

तिनं पाटीमागून पाण्याची बाटली काढली. सुनेनं सकाळी बळंच भरून दिलेली, तशीच काठोकाठ.

"प्या. उन्हातून आलाव."

माझं घर हाकेच्या अंतरावर आहे. मी घटाघटा प्यायले. मग तिनं बाटलीला टोपण लावलं आणि स्वतः घोटही न घेता ती पुन्हा पाटीमागं ठेवली.