बत्तीशीचा रुंद टायर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थाला अख्खी इमारत बत्तीशी म्हणते. त्याचे स्वतःचे दात असे वेडेवाकडे, की तो हसला तर बघणाऱ्यालाच ओशाळं व्हावं. पण आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं. डेंटल लॅबमध्ये कवळ्या करण्यात त्याची तीस वर्षं गेली. तळमजल्यावरच्या दोघी जावा एकमेकींचं तोंड पाहत नाहीत, पण दोघींच्या तोंडात दात एकाच पेटीतले आहेत, हे मला त्यानेच सांगितलं. कुणाला सांगू नका, म्हणाला होता. मी फक्त चौघांना सांगितलं.

त्याची खरी करामत अंगठ्यात होती. पेनाएवढं घासायचं यंत्र दिवसभर बोटांत धरायचं, कवळीची कड घासायची आणि शेवटी डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवायचा. केसाएवढी धार राहिली तरी त्याला कळायची. तीस वर्षांत हिरडी कापली म्हणून एकही कवळी परत आली नव्हती. याचा त्याला इतका ताठा, की बायकोने पोळी कडक झाली म्हटलं तरी हा आधी अंगठा लावून बघायचा.

पन्नाशीला पोट सुटलं, तेव्हा कामावर सायकलने जायचं ठरलं. मेव्हण्याचं सायकलचं दुकान. तिथे साहेबांची नजर नेमकी एका शर्यतीच्या सायकलवर पडली. टायर तेवीस मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम बोटभर रुंद, आणि हवा भरली की दगड.

"दाजी, ही घेऊ नका," मेव्हणा म्हणाला. "शर्यत कुणाशी लावायचीय, पोटाशी?"

"दिसते छान."

"दिसायला तुम्ही कुठे दिसणार आहात तिच्यावर? बसणार आहात."

घेतली. पाच वर्षं अकरा किलोमीटर जायचं, अकरा यायचं. वाटेत पुलाचे सांधे, गतिरोधक आणि शेवटी आमच्या गल्लीतले उखडलेले ब्लॉक. त्याची बायको म्हणायची, "हे कोपऱ्यावर आले की घंटी वाजवायला नकोच. सायकलच खडखडते, मी चहा टाकते."

मग एका सकाळी त्याला शर्टाचं बटण लावता येईना. बोटांची टोकं बधिर. आधी उजवी, पुढे डावीही. बायकोने बटण लावलं आणि म्हणाली, "त्या सायकलीचे धक्के हो, दुसरं काय." इमारतीत सगळ्यांना हे लगेच पटलं. सगळ्यात आधी मला पटलं, हे कबूल करतो. दुसऱ्याच्या दुखण्याचं कारण सापडलं की आपल्याला कसं हलकं वाटतं.

मेव्हण्याने समजावून सांगितलं. "अरुंद टायरला हवा खच्चून भरावी लागते. धक्का बसला की तो हँडलातून सरळ तळहातात. रुंद टायर कमी हवेवर चालतो, धक्का स्वतःच गिळतो. तुमचा टायर गिळत नाही, दाजी, तुम्हाला भरवतो."

पंचवीसचा घातला. चार दिवस बरं वाटलं, किंवा वाटून घेतलं. अठ्ठावीसचा घालून पाहिला, तर तो सांगाड्याला घासायला लागला. त्याच आठवड्यात लॅबमध्ये एक कवळी परत आली. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी होती: कड टोचते. त्याने घरी सांगितलं नाही. दुसरी परत आली तेव्हा लॅबच्या मालकिणीनेच त्याच्या घरी फोन केला.

मग मात्र नवीनच सायकल आली. हँडल तसंच, सांगाडा हलका, पण टायर बत्तीसचा. "बत्तीशीला बत्तीसच शोभतो," मेव्हणा म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर एकटाच हसला. पहिल्या दिवशी संध्याकाळी बत्तीशी पुलावरून आला तो पोरासारखा खूष होऊन. "सांधे कळलेच नाहीत हो. गादीवरून आल्यासारखं." त्याची बायको कोपऱ्याकडे कान लावून बसली होती. तिला काही ऐकूच आलं नाही. चहाला उशीर झाला, पण त्या चहाला दोघं जेवढा वेळ बसली, तेवढा वेळ मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

तीन आठवडे तो गादीवरून गेला आणि गादीवरून आला. खांदे दुखायचे थांबले, कंबर थांबली. बोटं तशीच. उलट आता बधिरपणा पेरापर्यंत चढला होता. तिसरी कवळी परत आली.

तेव्हा तो नसांच्या डॉक्टरांकडे गेला. बायको सोबत होती, तिनेच मला सांगितलं. याने अर्धा तास टायरची रुंदी सांगितली. डॉक्टर बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिवसभर हातात काय धरता?" त्याने दोन बोटं आणि अंगठा जुळवून दाखवला. "थरथरतं का ते?" थरथरतं. "किती तास?" आठ, कधी दहा. "आणि कवळीचं ते गुलाबी प्लॅस्टिक त्याच्या द्रवात कशाने कालवता?" बोटांनीच, म्हणाला, हातमोज्यात अंदाज येत नाही. बाईंनी लिहायचं थांबवलं. यंत्र आणि तो द्रव आजपासून बंद, म्हणजे निदान पुढे वाढणार नाही, म्हणाल्या. गेलंय ते बहुधा परत येणार नाही.

तो म्हणाला, "आणि पस्तीसचा टायर घातला तर?"

बायको म्हणते, डॉक्टर बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

मालकीण भली. तिने त्याला काढलं नाही, साच्यात प्लास्टर ओतायला बसवलं. तिथे अंगठा लागत नाही. कडा आता दुसरी बाई तपासते, आणि तिने तपासलेलीही कवळी परत येत नाही. सहा महिने झाले. यंत्र बंद आहे, बोटं आहेत तिथेच आहेत.

परवा रविवारी मेव्हणा आला, टोमणे घरी ठेवून. जिन्याखाली सायकल तपासत म्हणाला, "दाजी, थोडी हवा कमी करू? अजून मऊ होईल."

"कर."

सूं करून हवा गेली. बत्तीशी वाकला आणि त्याने अंगठ्याने टायर दाबला. पुन्हा दाबला, जरा जोरात. मग चष्मा वर करून अंगठ्याखाली टायर दबतोय का ते बघत राहिला.

"झाला का रे मऊ?" त्याने मेव्हण्याला विचारलं.